पडेल कॅन्टीनची खोली: आमची वाटचाल

देवगड तालुक्यातल्या पडेल कॅन्टीन या ठिकाणी भाड्याच्या एका खोलीत रक्ततपासणीचं केंद्र काढलं, तेव्हा भांडवल काय, तर माझं डीएमएलटीचं (प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेचं) प्रमाणपत्र, दिराची दुचाकी आणि बर्फाचा डबा. आम्ही नमुने घ्यायचे, सकाळच्या एसटीने कणकवलीला पाठवायचे, तिथल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांनी तपासून सही करायची.

पहिल्याच पावसाळ्यात आपटलो. रस्त्यावर झाड पडून एसटी अडकली आणि विजयदुर्गच्या एका आजींची साखर चक्क कमी आली. आजी खूश. "साखर कमी इली गो, आता गोळये कित्याक खाऊ?" मला घाम फुटला. साध्या नळीत रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. राखाडी टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते या खाण्याला आवर घालतं. त्या दिवशी राखाडी नळ्या संपल्या होत्या आणि मीच लाल टोपणाच्या नळीवर भागवलं होतं. दुसऱ्या दिवशी आजींच्या घरी जाऊन फुकट पुन्हा रक्त घेतलं. त्यांची साखर होती तिथेच होती.

म्हणजे सेंट्रीफ्यूज (रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणारं यंत्र) इथेच हवं, फ्रिज हवा, लाईट जाते म्हणून इन्व्हर्टर हवा. बँकेने तारण मागितलं. आमच्या आंब्याच्या कलमांच्या सातबाऱ्यावर पाच नावं, त्यातली तीन मुंबईला. झालं!

मग एका ओळखीतून सोशल व्हेंचर फंडाची माणसं आली. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2012 च्या नियमांत अशा फंडांचा वेगळा प्रकार केला होता (2022 पासून नाव सोशल इम्पॅक्ट फंड): नफा थोडा कमी चालेल, पण समाजाच्या कामाला पैसा लागला पाहिजे. त्यांनीच मुंबईच्या, 1298 या नंबरवर फोन करून बोलवायच्या रुग्णवाहिकेची गोष्ट सांगितली. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याला पूर्ण भाडं, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याला कमी. 2007 मध्ये अक्युमेन या अमेरिकेतल्या अशाच फंडाने त्या कंपनीत 15 लाख डॉलर घातले होते. आम्ही ती युक्ती आपल्या पद्धतीने उचलली. मुंबईहून फोनवर आई-बाबांची तपासणी ठरवणारा चाकरमानी पूर्ण पैसे भरतो, पिवळ्या रेशनकार्डाला निम्मे. चाकरमानी एकाही पैशाची घासाघीस करत नाहीत. गणपतीला गावी आले की शेजारच्या काकूंनाही घेऊन येतात.

फंडाला 30 टक्के हिस्सा हवा होता. आमच्या सीएने कान टोचले: कंपनीत विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, पाव हिश्शाच्या वर गेलात तर प्रत्येक मोठ्या ठरावाची किल्ली त्यांच्या खिशात. महिनाभर ताणून 24 वर सही केली.

पुढचं भांडण एक्सेलशी होतं. फंडाच्या तक्त्यात कमाईची रेघ दर महिन्याला वर चढायची. आमच्याकडे पैसा येतो आंब्याबरोबर. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, तेव्हा कोण थायरॉईड तपासून घेतोय? शेवटी त्यांच्यातला एक जण जुलैत आला, दिवसभर बसला. तीन पेशंट, दोनदा लाईट गेली. त्यानंतर हिशेब महिन्याचा न धरता वर्षाचा धरू लागले.

आता त्यांचं म्हणणं, दुसरं केंद्र तळेऱ्याला हायवेवर काढा, नमुन्यांना तोटा नाही. मला वाघोटण खाडीकाठच्या वाड्या हव्या आहेत. तिथून इथवर यायला म्हाताऱ्या माणसाचा अख्खा दिवस जातो, तोही उपाशीपोटी. मागच्या बैठकीत निकाल लागला नाही. तोवर दीर आठवड्यातून दोनदा डबा घेऊन तिकडे जातो, डब्यात राखाडी नळ्या मी स्वतः मोजून ठेवते.