मेल्टेमी, मांडवा आणि नाक्सोसचा धक्का: ग्रीसची बेटं फेरीने

ऑगस्टात एजियन समुद्रावर ऊन लख्ख असतं, आकाशात ढगाचा ठिपका नसतो आणि तरी बोटी बंद असतात. बोटी बंद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गेटवे-मांडवा लाँच येते: जूनमध्ये आभाळ भरून आलं की लाँच थांबली, ती पावसाळा सरेपर्यंत. ग्रीसमध्ये तसलं काहीच दिसत नाही, म्हणून पहिल्यांदा जाणारा फसतो. निळंशार पाणी, पांढरी घरं आणि धक्क्यावर आपापल्या बॅगांवर बसून राहिलेली माणसं. उत्तरेचा वारा सुटलेला असतो. त्याचं नाव मेल्टेमी.

बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानवर कमी, यामुळे हा वारा वाहतो. गंमत म्हणजे तुर्कस्तानवरचा तो कमी दाबाचा पट्टा आपल्याच मॉन्सूनच्या कमी दाबाचं, इराणवरून पश्चिमेला पोचलेलं टोक आहे. मांडव्याची लाँच जो बंद करतो त्याचंच शेपूट नाक्सोसची बोट अडवतं. जोर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. वारा ८ बोफर्टच्या आसपास, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटरला पोचला की बंदर पोलीस बोटींना मनाई करतात. वेगवान कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांच्या बोटी, त्याच्याही आधी थांबतात. या मनाईला ग्रीक लोक 'अपागोरेफ्तिको' म्हणतात. हा एक शब्द कानात ठेवा. धक्क्यावर तो ऐकू आला की तिकीट खिडकीकडे धावण्याऐवजी आधी राहायची खोली आणखी एका रात्रीसाठी मिळते का ते विचारा, कारण तासाभरात सगळेच तेच विचारणार असतात.

म्हणून सहलीची आखणी शेवटाकडून करायची. परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच. सकाळच्या बोटीने येऊन संध्याकाळचं विमान पकडणं नकाशावर सोपं दिसतं, पण बोट रद्द झाली तर विमानाचे पैसे कोणीच देत नाही. आणि दहा दिवसांत तीन बेटं पुरेत. पाच केली तर निम्मी सुट्टी बॅगा भरण्यात आणि धक्क्यावर उभं राहण्यात जाते. तारखा हातात असतील तर सप्टेंबर घ्या. वारा उतरलेला असतो, पाणी अजून कोमट असतं, खोल्याही स्वस्त होतात. ऑक्टोबरच्या मध्यानंतर मात्र फेऱ्या विरळ होतात. १५ ऑगस्टच्या आसपास जाऊच नका. तो मेरीमातेचा मोठा सण, अख्खं अथेन्स आपापल्या बेटाला निघतं. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची जी अवस्था, तीच या बोटींची. तिनोस बेटावर तर त्या दिवशी भाविक धक्क्यापासून वरच्या चर्चपर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात.

आता मित्रांच्या भेटीचं. समजा तुम्ही दोघं भारतातून अथेन्सला उतरताय आणि मित्र जोडपं जर्मनीतून येतंय. उन्हाळ्यात युरोपातल्या बऱ्याच शहरांतून सांतोरिनी आणि मिकोनोसला थेट विमानं असतात, त्यामुळे मित्र म्हणतात, ''सांतोरिनीलाच भेटू.'' नको. तिथल्या खोल्या सगळ्यांत महाग, गर्दी सगळ्यांत जास्त, आणि फेरीचा धक्का अथिनिओसला, उंच कड्याच्या तळाशी. तिथून वर यायला नागमोडी घाट आहे आणि बोट लागली की तो बस-टॅक्सींनी तुंबतो. भेटायचं ते नाक्सोस किंवा पारोसला. सायक्लेड्स बेटांमधले जवळजवळ सगळे मार्ग या दोघांवरून जातात, म्हणजे एक बोट चुकली तरी त्याच दिवशी दुसरी मिळण्याची शक्यता राहते. सांतोरिनीहून नाक्सोस साध्या बोटीने दोनेक तास, मिकोनोसहून वेगवान बोटीने तासाभराच्या आत-बाहेर, आणि तुम्हाला अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सव्वापाच-साडेपाच तास.

भेटीची जागाही आधी ठरवा. 'धक्क्यावर भेटू' चालत नाही. दोन बोटी एकदम लागल्या की हजारभर माणसं एकाच अरुंद वाटेने बाहेर पडतात. पारोसला पारिकियाच्या धक्क्यासमोरच पवनचक्की आहे, ती खूण उत्तम. नाक्सोसला सगळे पोर्तारा सांगतात, म्हणजे अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची सुमारे ६ मीटर उंच संगमरवरी चौकट, ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकातली. मावळतीला जायला सुंदर, पण बॅगा घेऊन भेटायला वाईट: तिथे जायची वाट एका अरुंद बांधावरून आहे आणि मेल्टेमीत लाटा त्या बांधावरून उडतात. त्यापेक्षा धक्क्यासमोरचं एखादं कॉफीचं दुकान ठरवा. मित्रांची बोट कुठवर आली ते मरीनट्रॅफिक ॲपवर नकाशातच दिसतं, त्यामुळे ''पोचलात का'' चे फोन वाचतात.

आधी पोचेल त्याने खोलीची किल्ली घ्यायची आणि गाडी ठरवायची. गाडीसाठी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतून काढावा लागतो, तिथे पोचल्यावर काही होत नाही. भाड्याची गाडी बोटीवर चढवायला बहुतेक ठिकाणी बंदी असते किंवा लेखी परवानगी लागते. प्रत्येक बेटावर वेगळी गाडी घेणं हेच बरं.

व्हिसाचं थोडक्यात: भारतातून येणाऱ्याला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक, व्हिसा हवा, जर्मनीत राहण्याचा परवाना असलेल्याला वेगळा नको, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला मात्र हवाच. बेटांमधला प्रवास देशांतर्गत असतो, शिक्का लागत नाही. कोस बेटावरून समोरच दिसणाऱ्या तुर्कस्तानातल्या बोद्रुमला 'दिवसभरात जाऊन येऊ' असा मोह होतो. तिथे तुर्की व्हिसाचा प्रश्न वेगळा, आणि आपला शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परत येताच येत नाही.

बोटी दोन जातीच्या. मोठी साधी बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोचा कितीतरी मोठा भाऊ: खाली ट्रक-गाड्या, वर प्रवाशांचे मजले, उघडे डेक, उपाहारगृह. पिरेअस ते नाक्सोस माणशी साधारण ४० ते ५० युरो. वेगवान कॅटमरान दीड-दोन तास वाचवते, ७० युरोंच्या पुढे घेते आणि तुम्हाला बंद काचेआड खुर्चीत बसवून ठेवते. समुद्र हलत असेल तर त्या काचेआड निम्म्या डब्याला बोट लागते. आमची पसंती साधी बोट. 'डेक'चं तिकीट म्हणजे उन्हातच बसायचं असं नाही. आत सोफे असतात, जो आधी येईल त्याचे. चौघांची तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर डेकचंच बरं पडतं, क्रमांकाच्या खुर्च्या घेतल्या की दोघं एका टोकाला आणि दोघं दुसऱ्या. उन्हाळ्याचं वेळापत्रक वसंतापर्यंत पूर्ण जाहीर झालेलं नसतं, त्यामुळे जानेवारीत बोट दिसली नाही म्हणून घाबरू नका. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणेच टाका.

ज्याला एसटीत घाट लागतो त्याला इथेही त्रास होणार हे धरून चाला. गोळी निघण्याआधी तासभर घ्यायची; पोटात ढवळायला लागल्यावर घेतलेली गोळी फुकट. बसायचं बोटीच्या मध्यावर किंवा मागच्या उघड्या डेकवर, शक्य तितकं खाली, आणि नजर क्षितिजावर. पुढच्या टोकाला सगळ्यांत वरच्या मजल्यावर देखावा छान, पण झोपाळाही तिथेच मोठा. वारा उत्तरेचा असल्याने दक्षिणेला जाताना लाटा मागून येतात आणि पिरेअसला परतताना समोरून. म्हणजे जाताना काही झालं नाही म्हणून परतीची गोळी चुकवू नका.

पिरेअस बंदर प्रचंड आहे, आणि इथली ठरलेली चूक म्हणजे 'पिरेअसला पोचलो' एवढ्यावर निर्धास्त होणं. फाटकांना ई-१, ई-२ असे क्रमांक आहेत. सायक्लेड्सच्या बोटी बहुतेक ई-६, ई-७ वरून सुटतात, मेट्रो स्टेशनच्या समोरून. ऱ्होड्स बेटाकडच्या ई-१ वरून, आणि तिथे पायी जायला अर्धा तास सहज लागतो. विमानतळावरून निळी मेट्रो थेट पिरेअसला येते, तासाभरात. शहरातल्या मोनास्तिराकी स्टेशनहून हिरवी मेट्रो, सुमारे वीस मिनिटं. गर्दीत बॅग पोटाशी धरा, पाकीटमार या हिरव्या मेट्रोवर पोसलेले आहेत. नाक्सोस-पारोसच्या मोठ्या बोटी सकाळी साडेसातच्या सुमाराला सुटतात. पाऊण तास आधी फाटकाशी असा. बोट कोणासाठी थांबत नाही.

चढण्याची वाट बोटीच्या पाठीमागून, गाड्यांच्याच रॅम्पवरून. तिकिटाचा कोड दाखवायचा आणि लगेच बाजूच्या लोखंडी मांडणीवर मोठी बॅग ठेवायची. मांडणीच्या कप्प्यांवर बेटांची नावं असतात, पुष्कळदा ग्रीक लिपीतच. नाक्सोसच्या नावात मधोमध तीन आडव्या रेघांचं अक्षर असतं. पारोसचं पहिलं अक्षर दाराच्या चौकटीसारखं, दोन खांब आणि वर तुळई. एवढं ओळखता आलं तरी बॅग चुकीच्या बेटाला जात नाही. पासपोर्ट, औषधं आणि एक स्वेटर वर सोबत न्या. प्रवासात खाली गाड्यांच्या मजल्यावर उतरू देत नाहीत, आणि वर एसी कडक असतो.

उतरणं हा खरा कस. बेट यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घोषणा होते आणि सगळे जिने उतरून गाड्यांच्या मजल्यावर जमतात. अंधार, डिझेलचा वास, पायाखाली ओलं लोखंड, शेजारी भाजीचा ट्रक इंजिन चालू करून तयार. बोट जागच्या जागी वळते, नांगराची साखळी खडखडते, आणि ती पाठमोरी धक्क्याकडे सरकू लागते. रॅम्प वरून सुटतो तशी आधी उजेडाची एक बारीक फट दिसते, मग पाणी, मग धक्का. खलाशी शिट्ट्या मारून हाकायला लागतात. रॅम्प पुरता टेकायच्या आत लोक चालू पडलेले असतात. हे सगळं पाच-दहा मिनिटांत आटपतं. त्या वेळी तुम्ही वर कॉफी संपवत असाल तर बोट तुम्हाला घेऊन सांतोरिनीला जाते.

नाक्सोसहून लहान बेटांना, म्हणजे इराक्लिया, स्खिनूसा, कूफोनिसी इकडे जायला 'एक्स्प्रेस स्कोपेलितिस' ही लहानखुरी बोट. मोठ्या कंपन्यांना परवडत नाहीत अशा मार्गांना ग्रीसमध्ये 'आगोनी', म्हणजे वांझ, मार्ग म्हणतात आणि सरकार त्यांना अनुदान देतं. बेटावरचं दूध, टपाल, गॅसच्या टाक्या यांच्यासोबत आपणही. ही बोट चांगली डोलते. दोन रात्री कूफोनिसीत काढा. बेट सपाट, गाडी लागत नाही, 'पोरी' नावाच्या किनाऱ्यापर्यंत समुद्राकडेच्या वाटेने रमतगमत चालत जाता येतं. रोख पैसे नाक्सोसलाच काढून घ्या. पुढे आमोर्गोसला जाणार असाल तर तिकिटावरचं बंदर दोनदा वाचा. तिथे कातापोला आणि एगियाली अशी दोन बंदरं आहेत, वीसेक किलोमीटर अंतरावर. चौघांपैकी दोघं इकडे आणि दोघं तिकडे उतरण्याची सोय अगदी चोख आहे. मिकोनोसलाही जुना आणि नवा धक्का वेगळा.

शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत, फक्त शब्द माहीत हवेत. 'लादेरा' म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. 'फावा' म्हणजे घट्ट गोळा वरणच, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. लिंबू पिळा आणि मीठ-मिरीची तक्रार करू नका. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या, पण कधी त्यात खिमाही असतो, विचारून घ्या. 'निस्तिसिमो' म्हणजे उपासाचं, मांस-दूध-अंडं नसलेलं. यात एक मेख आहे: त्यांच्या उपासाला ऑक्टोपस आणि माकूळ चालतं. नाक्सोसचे बटाटे साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले, तळलेले मागवा. पिण्याचं पाणी बहुतेक बेटांवर दीड लिटरच्या बाटल्यांतूनच. आणि संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा; नळ्या अरुंद असतात आणि तुंबल्या की मालकीणबाई तुमच्याकडेच बघतात.

बोट रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमाप्रमाणे निवड प्रवाशाची: पुढच्या बोटीत जादा पैसे न देता जागा किंवा पूर्ण परतावा, तोही ७ दिवसांत. कारण वारा असेल तर भरपाई आणि हॉटेल मिळत नाही, तिकिटाचे पैसे मात्र मिळतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बोटी एकाच दिवशी जोडल्या असतील आणि पहिलीला उशीर झाला तर दुसरीचं नुकसान तुमचं. मध्ये एक रात्र ठेवा.

परतीची बोट पिरेअसला मध्यरात्रीच्या आसपास लागली तर मेट्रो मिळेलच असं नाही. विमानतळाला जाणारी एक्स-९६ बस चोवीस तास चालते. तिकीट चढण्याआधी किंवा चढताना घ्या आणि आत यंत्रावर लावून वैध करा, तपासनीस रात्रीसुद्धा चढतो.