जिब्राल्टरच्या दारात, सहावा दिवस

आज सहावा दिवस, शिडाची बोट घेऊन अजून ला लिनियाच्या (जिब्राल्टरला लागूनचं स्पेनमधलं गाव) मरिनातच, म्हणजे बोटींच्या धक्क्यातच, आहोत. समोर जिब्राल्टरचा ४२६ मीटरचा खडक, आणि वारा पश्चिमेचा, इथले लोक त्याला पोनिएंते म्हणतात, म्हणजे आम्हाला जायचंय अटलांटिकात आणि तो नेमका तोंडावर.

त्यात अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडणाऱ्या इथल्या सामुद्रधुनीत वरचा प्रवाह कायम आत, भूमध्याकडे, येतो, कारण भूमध्य समुद्रात नद्या-पावसातून येतं त्यापेक्षा जास्त पाणी वाफ होऊन जातं, ती तूट अटलांटिक भरून काढतो. त्यामुळे भरतीनंतर दोन-तीन तासांनी निघायचं, किनारा धरून ओहोटीच्या ओढीने तारिफा, म्हणजे स्पेनचं दक्षिण टोक, गाठायचं. पण त्यासाठी हलका पूर्वेचा वारा हवा, लेवांते, आणि तो जोरात आला की तारिफाला ३० नॉटच्या (ताशी साधारण ५५ किमी) वर सहज जातो, मग तेही नको!

बाबा रोज फोनवर विचारतात, निघालात का गं? काल रडूच आलं. मग उठून शिडाची उसवलेली शिवण घातली, डिझेल भरलं. पुढे ऑर्का (किलर व्हेल) बोटींच्या सुकाणूला धडकतात त्याचीही धास्ती आहेच, २०२० पासून हे चालू आहे.

आत्ता संध्याकाळी खडकाच्या माथ्यावर ढग धरायला लागलाय. लेवांतेची खूण. अलार्म चारचा लावलाय.