बाकावरचा पेशंट

आपल्या इंदूरच्या शाळेच्या स्मरणिका समितीचं पत्र आलं. ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असं त्यात होतं. शाळेनं पुष्कळ दिलं असणार, पण मी सरांवरच लिहिणार आहे. कुठले सर, हे आपल्या शाळेच्या माणसाला सांगावं लागत नाही. गणिताला तेच, गॅदरिंगच्या नाटकालाही तेच. खिशात लाल-निळी पेन्सिल, सायकलच्या हँडलला कापडी पिशवी, आणि पिशवीत वह्यांच्या खाली कुठल्या तरी नाटकाची कॉपी. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. त्यांच्यावर लिहायला आपल्या बॅचचे डॉक्टर-इंजिनियर आहेतच.

मी टीव्हीवर नेमकं काय करतो, हे अजून आमच्या नात्यातल्या लोकांनाही सांगता येत नाही. हिंदी मालिकांत मी नायिकेचा मामा असतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, लाच घ्यावी की नाही या विचारात पडलेला हवालदार असतो. मधून मधून मराठीतल्या विनोदी कार्यक्रमांत स्किट करतो. इंदूरला आलो आणि रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत गेलो की पोरं अडवतात, “भिया, वो वाला मुँह बनाओ ना!” नाव कुणाला आठवत नाही, तोंड आठवतं. ते तोंड सरांच्या हातचं आहे.

आठवीत होतो. गॅदरिंगला दाताच्या दवाखान्यातली एकांकिका ठरली. डॉक्टर, कंपाउंडर, भांडकुदळ काकू असे सगळे चांगले रोल वाटून झाले, आणि मला आला पेशंट. हनुवटीखालून डोक्यापर्यंत पांढरं फडकं बांधायचं आणि सुरुवातीपासून पडदा पडेपर्यंत बाकावर बसून राहायचं. वाक्य एकही नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, “बरं झालं, पाठांतर नाही. अभ्यास होईल.”

माझं तोंड बघून दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. “रुसलास काय? शनिवारी शाळा सुटली की एम.वाय. हॉस्पिटलच्या बाजूला डेंटल कॉलेज आहे ना, तिथे जाऊन बस. कुणाला काही विचारायचं नाही. नुसतं बघायचं आणि सोमवारी मला सांगायचं.”

गेलो. ज्याचा दात खरंच दुखतो तो गाल धरून बसत नाही, हे मला तिथे कळलं. गाल धरतात ते नाटकातले. खरा पेशंट हात गालाजवळ नेतो आणि अलीकडेच थांबवतो. कुणी हाक मारली तर मान वळवत नाही, खांद्यासकट सगळा वळतो. शेजारचा काही गमतीचं बोलला तर डोळ्यांनी हसतो, ओठ जागचे हलवत नाही. बाहेर ठेल्यावर एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन पोहे खात उभे होते. इंदुरी पोहे, म्हणजे वर शेव आलीच. ते एकेक शेव चिमटीत धरून मुलाच्या कागदावर ठेवत होते. अगदी सोनार तोळामासा वेचतो तसं. सगळी काढून झाली असं वाटून त्यांनी पहिला घास घेतला, आणि एक शेव राहिली होती! त्या माणसाच्या तोंडातून आवाज आला नाही. फक्त डावा डोळा हळूहळू मिटत गेला.

सोमवारी सरांना सगळं करून दाखवलं. शाबासकी वगैरे सरांकडे नव्हतीच. म्हणाले, “शेव घेऊ.”

गॅदरिंगच्या दिवशी डॉक्टर आणि कंपाउंडर बिलावरून भांडत होते आणि मी बाकावर बसून शेव वेचत होतो. मागच्या रांगांतून हशा सुरू झाला आणि पुढे सरकत आला. डॉक्टरला वाटलं, आपलं वाक्य जोरात गेलं; त्यानं आवाज चढवला. मी मात्र मान वर केली नाही, कारण तालमीत सरांनी बजावून ठेवलं होतं, “हशा आला की थांबायचं, पण वर बघायचं नाही. लोक हसतायत हे पेशंटला कुठे माहीत आहे?” मग मी ती शेवटची शेव चावली.

अभिनयाचं बक्षीस डॉक्टरला मिळालं. मिळायलाच हवं होतं, त्याचं पाठांतर तुफान होतं. सरांनी मला व्हरांड्यात गाठलं.

“पोहे कुणी केले होते?”

“आईनं.”

“मीठ कमी होतं.”

त्याच सुमारास, १९८४ मध्ये, दूरदर्शनवर ‘ये जो है ज़िंदगी’ सुरू झालं. लिहिणारे शरद जोशी, जन्म उज्जैनचा आणि इंदूरच्या वर्तमानपत्रांत लिहून नाव झालेलं, त्यामुळे सरांना ते आपल्या शेजारचेच वाटत. सतीश शाह त्यात दर भागात नवा माणूस होऊन यायचा. सरांकडे टीव्ही नव्हता. दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला ते आम्हालाच विचारायचे, “काल तो चालला कसा? आवाज सोडा, चाल सांगा.” सांगता सांगता तास अर्धा व्हायचा, आणि मग उरलेल्या अर्ध्यात दोन प्रमेयं. सतीश शाह २०२५ च्या ऑक्टोबरात गेले तेव्हा माझ्या युनिटमध्ये सगळे त्यांच्या ‘साराभाई’ मालिकेतल्या इंद्रवदनबद्दल बोलत होते. मला भूमिती आठवत होती.

जॉनी वॉकरचाही सरांना असाच अभिमान. जन्म इंदूरचा, मुंबईत बसचा कंडक्टर, पडद्यावर दारुड्या करून नाव मिळवलं आणि स्वतः दारूला शिवला नाही. “मग त्यानं दारुडा शिकला कुठे? बसमध्ये!” असं म्हणून सर आमच्याकडे बघायचे. आम्हा पोरांनी त्यानंतर सिटी बसमध्ये लोकांना निरखून निरखून हैराण केलं.

मुंबईला गेलो तेव्हा खासगी वाहिन्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. ऑडिशनला हिंदीवाले म्हणायचे, तुमच्या हिंदीला मराठी वास येतो. मराठीवाले म्हणायचे, अहो, तुम्ही हिंदीत विचार करून मराठी बोलता. आपल्याकडच्या प्रत्येक मराठी माणसानं हे ऐकलेलं आहे, जास्त लिहीत नाही. पण बोलायचं काम मिळेना तेव्हा न बोलण्याचं काम मिळालं, आणि ते तर मी आठवीत केलं होतं.

रोजच्या मालिकेत कसं असतं, सासू दीड पान बोलते आणि खोलीत आठ माणसं उभी असतात. एडिटरला कापायला जागा लागते, म्हणून प्रत्येकाचा क्लोजअप घेतात. बहुतेक जण आपली पाळी येईपर्यंत मनात स्वतःचं वाक्य घोळत उभे असतात आणि कॅमेऱ्यात ते दिसतं. जो खरोखर ऐकत असतो त्याच्यावर एडिटर पुन्हा पुन्हा येतो. चार दिवसांसाठी घेतलेला माझा मामा त्या घरात वर्षानुवर्षं राहिला तो यामुळेच. (पैसे नव्वद दिवसांनी, हा भाग वेगळा.) विनोदी मालिकेत तर हशा मागाहून चिकटवतात. सेटवर चिडीचूप असते आणि तरी न आलेल्या हशासाठी नटाला जागा सोडावी लागते. नव्या मुलांना ते जमत नाही, घाई करतात. मला वाटतं, त्यांना कुणी बाकावर बसवलेलं नसतं.

सरांची पोस्टकार्डं यायची. मजकूर असा: ‘मंगळवारचा भाग शेजारी जाऊन पाहिला. डोळे फार मिचकावतोस. प्रकृतीस जपणे.’ सर गेले त्या दिवशी मी मुंबईजवळ नायगावच्या सेटवर बारा तासांच्या शिफ्टमध्ये होतो. येता आलं नाही.

गेल्या वर्षी शाळेत डोकावलो. मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले. आपला हॉल मधोमध पार्टिशन घालून कॉम्प्युटर रूमला दिलाय. गॅदरिंग होतं, पण सगळे नाच, रेकॉर्डवर. मुलं गोड होती, कपडे भाड्याचे पण झकास होते, आणि अडीच तासांत एकही मूल स्वतःच्या आवाजात बोललं नाही. ‘सानंद’ या आपल्या इंदूरच्या मराठी संस्थेकडे मुंबई-पुण्याची नाटकं येतात ती आपले लोक गर्दी करून बघतात, इंदूरचा प्रेक्षक जाणकार म्हणून नट खूश होऊन जातात. बघणारे आहेत. करणारे कुठून येणार?

समितीनं जाहिरात किंवा देणगीबद्दलही विचारलंय, ती वेगळी पाठवतो. शिवाय डिसेंबरात माझ्या तारखा सैल असतात. पंधरा दिवस येऊन मुलांची एकांकिका बसवायची माझी तयारी आहे, मानधन नको, उतरायला बहिणीचं घर आहे. फक्त ते पार्टिशन तेवढे दिवस काढून ठेवा, आणि आठवी-नववीतली जी मुलं ‘मला छोटा रोल दिला’ म्हणून रुसतील, त्यांची नावं माझ्याकडे आधी पाठवा.