तुम्ही विचारलंत म्हणून: पट्टी लावून अंगठा सरळ होतो का?

पायाचा अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला, चवड्याच्या आतल्या कडेला गाठ आली की हा प्रश्न हमखास येतो. मोठ्या माणसांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच आहे. रात्री अंगठा सरळ धरून ठेवणाऱ्या पट्टीने किंवा बोटांमध्ये ठेवायच्या सिलिकॉनच्या तुकड्याने दुखणं, घासणं कमी होतं, आणि तेवढ्यासाठी ती जरूर वापरा. पण काढली की अंगठा पुन्हा कलतो.

ती गाठ म्हणजे नवं उगवलेलं हाड नव्हे. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकतं, अंगठा उलटीकडे वळतो आणि त्या हाडाचं टोक बाहेर डोकावतं. मग अंगठ्याचे स्नायूही तिरपेच ओढू लागतात आणि कोन वाढत राहतो. म्हणूनच नुसती गाठ तासून भागत नाही. एक्स-रे उभं राहूनच काढून घ्या. वजन न देता काढला तर कोन कमी दिसतो. अंगठा साधारण 15 अंशांपर्यंत कललेला चालतो, 40 च्या पुढे विकृती तीव्र समजतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो पादत्राणाने. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर उभे राहा आणि पेन्सिल अगदी उभी धरून पावलाची कड कोणाकडून तरी आखून घ्या. त्यावर बूट ठेवा. रेषा बाहेर दिसली तर बूट अरुंद आहे. सर्वात लांब बोटापुढे सुमारे 1 सेंटिमीटर जागा हवी. अनेकजण रुंदीसाठी एक नंबर मोठा बूट घेतात. त्यात पाऊल पुढे घसरतं आणि अंगठा निमुळत्या टोकात पुन्हा चेपतो. गाठीवर शिवण येत असेल तर तो बूट नकोच.

शस्त्रक्रियेत हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात. त्यानंतर साधारण सहा आठवडे खास बूट आणि कित्येक महिने सूज. दुखण्यामुळे चालणं अडत असेल तरच हा विचार करा, निव्वळ दिसण्यासाठी नको.

अंगठा सरळच आहे, पण वर उचलताना दुखतो आणि गाठ सांध्याच्या वरच्या बाजूला आहे? मग तो सांधा झिजून ताठ होतोय. त्याला मऊ नव्हे, कडक तळाचा बूट आराम देतो. जोर लावून ताणू नका.

हाताच्या अंगठ्याचं दुखणं बहुधा मनगटाजवळच्या सांध्यात असतं. चिमटीच्या टोकाशी लावलेला जोर तिथे सुमारे 12 पटींनी पोचतो. तो सांधा सरकला की मधला सांधा मागे झुकतो आणि अंगठा नागमोडी दिसतो. इथे टोक मोकळं ठेवणारी छोटी पट्टी कामाच्या वेळी लावावी, पेन जाड घ्यावं, झाकण तळव्याने फिरवावं.

लहान मुलाच्या हाताचा अंगठा टोकाशी वाकून अडकला असेल तर तो ओढून सरळ करू नका. कंडरेवर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीवर, गाठ असते, डॉक्टरांना दाखवा.

पायाचा अंगठा एका रात्रीत लाल, गरम होऊन चादरीचा स्पर्शही सोसेना, किंवा मधुमेह असताना गाठीवरची कातडी फुटली, तर मात्र बुटांचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.