व्हय म्हाराजा

"आज तू घाल गाऱ्हाणां." अण्णांनी नारळ पुतण्याच्या हातात दिला आणि सरळ मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

देवळात एकदम शांतता. आमच्या गावात 1981 पासून, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्हा झाला त्या वर्षापासून, गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी, अण्णाच घालतात. कुठे लिहून ठेवलेलं नाही. सगळं तोंडी.

पोरगा 24 वर्षांचा. नारळ धरलेले हात थरथरत होते. "बा देवा म्हाराजा, आज जी काय तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उभी रवली हत..." आणि थांबला. पुढचं आठवेना. दोघं-तिघं पुढचे शब्द सांगायला सरसावले, तर अण्णांनी नुसता हात वर करून त्यांना थांबवलं.

मग मागून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तो अण्णांचाच होता.

इतकी वर्षं ज्यांच्या शब्दावर आम्ही व्हय म्हणत आलो, ते आज पोराच्या अर्धवट वाक्याला व्हय म्हणाले. त्यांच्यामागोमाग अख्खं देऊळ म्हणालं. पोराला पुढचं सुचलं. एक-दोन नावं मागे-पुढे झाली, पण गाऱ्हाणं पुरं झालं.

बाहेर पायरीवर मी विचारलं, "अण्णानू, तुमी आसताना ह्या कित्या?"

"मी आसय तवसर चुकांदे तेका. मी गेल्यावर चुकलो तर सांगतलो कोण?"

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. आपण जाणत्यांकडून शब्द मागून घेतो का? आणि जाणते असे वेळेत मागे जाऊन उभे राहतात का?

तुमच्या गावी आता गाऱ्हाणं कोण घालतं?