लेकीचं वाचनालयाचं कार्ड काढलं त्याची गोष्ट

प्लॅन ठरायला एक चहा पुरला. माझी लेक दुसरीत, जाऊबाईंचा मुलगा तिसरीत, तो पुण्यात आणि आम्ही बदलीमुळे इकडे तालुक्याला. दोघांनी आपापलं पुस्तक वाचायचं, रविवारी एकमेकांना व्हॉइस मेसेजवर सांगायचं आणि सुट्टीत भेटलं की पुस्तकं अदलाबदल. ते छान चाललंय, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते वाचनालयाचं, कारण तो वैताग अजून डोक्यातून जात नाहीये.

घरातली पुस्तकं भराभर संपली, दर आठवड्याला नवीन विकत घेणं परवडत नाही, म्हणून म्हटलं गावात एवढं जुनं 'अ' वर्गाचं वाचनालय आहे, बाहेर पाटीवर 'बालविभाग' पण लिहिलंय, कार्ड काढून टाकू. गेले. काउंटरवरच्या भाऊंनी पेपरातून मान वर न करता फॉर्म सरकवला. आधार कार्ड, दोन फोटो, अनामत, वर्गणी, इथपर्यंत ठीक. खाली एक ओळ होती, 'सूचक सभासदाची सही'. म्हणजे आधीचा कोणीतरी सभासद तुम्हाला ओळखतो असं लिहून देणार. अहो आम्ही गावात नवे, मी कोणाला ओळखणार? भाऊ म्हणाले, "मॅडम, नियम आहे, पुस्तकं घेऊन लोक बदलून जातात." आधारवर जुना पत्ता, त्यामुळे भाडेकराराची झेरॉक्स हवी. ती घेऊन गेले तर सूचकाशिवाय फॉर्म घेतच नाहीत.

शेवटी आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा सापडले, जुने सभासद. त्यांनी आनंदाने सही केली, तर काउंटरवर रजिस्टर उघडून सांगितलं की यांचीच वर्गणी थकलेली आहे, सही चालणार नाही. मग मी काय केलं, आजोबांची थकबाकी भरली! आजोबा इतके ओशाळले की नंतर घरी लाडू पाठवले. पैसे रोखच लागतात बरं का, यूपीआय नाही, सुट्टे घेऊन जा.

कार्ड मिळालं आणि खरी गंमत पुढे. बालविभाग म्हणजे आतल्या खोलीत काचेची दोन कपाटं, कुलूप लावलेली. चावी एका मॅडमकडे, त्या सकाळी ११ ते १ असतात. त्या वेळी मुलं कुठे असतात? शाळेत. संध्याकाळी गेलं तर भाऊ स्वतः बाहेर ठेवलेल्या गठ्ठ्यातलं एक पुस्तक हातात देतात. माझी लेक काचेला नाक लावून आतल्या एका कीटकांच्या पुस्तकाकडे बोट दाखवत होती, तिला दिलं संतांच्या चरित्राचं बारीक टायपातलं पुस्तक. "चांगलं आहे, संस्कार होतात." आणि कपाट का उघडत नाही तर "लहान मुलं पानं फाडतात." मग बालविभाग कोणासाठी ठेवलाय, निवृत्त लोकांसाठी?

कहर झाला १५ ऑक्टोबरला. अब्दुल कलामांचा जन्मदिवस, २०१५ पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतात. त्या दिवशी फोटोला हार, बॅनर, तीच कुलपातली पुस्तकं टेबलावर मांडलेली, शाळेची मुलं हातात पुस्तक धरून फोटोला उभी. लेकीचं ते कीटकांचं पुस्तक पण होतं. तिने उघडून दोन पानं बघितली तेवढ्यात कोणीतरी "ठेव बाळ, गठ्ठा मोजायचाय" म्हणून काढून घेतलं. तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

काउंटरवर वाद घालून काही होत नाही, हे लक्षात ठेवा. ही वाचनालयं संस्था चालवते, त्यांचं कार्यकारी मंडळ असतं, अध्यक्ष, कार्यवाह असतात, सरकारकडून अनुदान मिळतं आणि जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला येतात. मी कार्यवाहांच्या नावाने साधा अर्ज लिहिला, सभासद क्रमांक घालून, की शनिवारी दुपारी बालविभाग उघडा ठेवावा आणि मुलांना स्वतः पुस्तक निवडू द्यावं. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. आजोबांनी आणि शाळेच्या गेटवरच्या चारपाच आयांनी पण सह्या केल्या. कार्यवाह निवृत्त शिक्षक निघाले, त्यांना कुलपाचं माहीतच नव्हतं म्हणे! असो. शनिवारी दुपारी कपाट उघडायला लागलं. पहिल्या शनिवारी लेक फरशीवर बसून एकेक पुस्तक काढून बघत होती, मागचं चित्र बघायचं, वास घ्यायचा, परत ठेवायचं. मी घड्याळ बघत होते, पण गप्प बसले. कीटकांचं पुस्तक नेमकं कोणीतरी नेलेलं, मग तिने 'किशोर' मासिकाच्या जुन्या अंकांचा बांधीव गठ्ठा उचलला, तिच्या हातात मावेना इतका जाड.

त्यावरून आठवलं, कार्ड होईपर्यंत आम्ही मोबाईलवर भागवलं. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, जुने अंक त्यांच्या साईटवर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साईटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे मिळतात, त्या पण फुकट, प्रिंट काढली तरी चालते. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं स्वस्त असतात, प्रदर्शन लागलं की घेऊन ठेवा.

आणि एक, पुस्तक संपलं की "तात्पर्य काय?" विचारू नका. जाऊबाईंनी विचारलं, तर पठ्ठ्याने पुढचा आठवडाभर पुस्तक उघडलं नाही. अर्धवट सोडलं तर सोडू द्या. वाचता यायला लागलं तरी रात्री आपण वाचून दाखवणं थांबवायचं नाही, माझी अजून हट्ट करते.

अनामतीची पावती फोटो काढून ठेवा. ती हरवली तर सभासदत्व सोडताना पैसे परत देत नाहीत, हे फॉर्मच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात लिहिलंय.