तुम्ही विचारलंत म्हणून : ख्रिसोस्टम अजून का वाचता?

‘ज्यूंबद्दल इतकं घाण बोललेल्या माणसाला तुम्ही अजून वाचता कसे?’ चौथ्या शतकातला ख्रिस्ती धर्मोपदेशक जॉन ख्रिसोस्टम, त्याच्याविषयी कुठेही तोंड उघडलं की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला त्याची ज्यूंविरुद्धची ती आठ प्रवचनं ठाऊक असतात, नाझींनी ती कशी वापरली तेही ठाऊक असतं. बहुतेकदा तेवढंच ठाऊक असतं, आणि माझी चिडचिड होते ती तिथे. मत्तयच्या शुभवर्तमानावरची त्याची नव्वद प्रवचनं कुणी उघडलेली नसतात. चर्चमध्ये ख्रिस्ताला रेशमानं सजवता आणि बाहेर तोच थंडीनं कुडकुडत असतो तर त्याला ओलांडून जाता, असं त्यातल्या पन्नासाव्यात तो ऐकवतो. आणखी एका प्रवचनात शौचालाही चांदीचं भांडं वापरणाऱ्या श्रीमंतांना त्यानं भर सभेत झोडपलंय. वसईतली आमची हल्लीची लग्नं पाहिली की मला ते भांडं आठवतं. असं बोलायची आज कुणाची छाती आहे?

तर ठाण्यातली गोष्ट. आमच्या वाचनमंडळात एक निवृत्त शिक्षिका येत, बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यू. घराणं जुनं ठाणेकर, तिथल्या १८७९च्या सिनेगॉगशी, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराशी, पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलं. मी ते पन्नासावं प्रवचन मराठी करून वाचलं. बाईंना फार आवडलं. याचं आणखी काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं. मी यादी सांगितली. ती आठ सांगितली नाहीत. यादीत सगळंच कोण सांगतं?

पुढच्या बैठकीला त्या कागद घेऊन आल्या. त्या आठांतल्या पहिल्या प्रवचनातला उतारा स्वतःच मराठीत उतरवलेला. वर्गात धडा वाचावा तसा सरळ आवाजात वाचला : सिनेगॉग म्हणजे वेश्यागृह, नाटकशाळा, चोरांची गुहा, जनावरांचं बिऱ्हाड. कामाला निरुपयोगी जनावरं कापायच्याच लायकीची, इथपर्यंत. मग चष्मा काढून म्हणाल्या, ‘हे ठाऊक होतं ना तुम्हाला?’

होतं. उत्तरही तयार होतं. काही वर्षांपूर्वी एका लेखात मी तेच लिहिलं होतं : लिबानियससारख्या नावाजलेल्या वक्तृत्वाच्या गुरूकडे शिकलेला हा वक्ता, निंदा करताना मर्यादा सोडायची हीच तेव्हाची रीत. शिवाय समोर ज्यू नव्हतेच. इ.स. ३८६च्या शरदात अंत्युखियातले, म्हणजे तो प्रवचनं देत होता त्या रोमन साम्राज्यातल्या शहरातले, त्याचेच ख्रिस्ती लोक ज्यूंच्या सणांना जात, त्यांचे उपास धरत, सणाला फुंकलं जाणारं त्यांचं शिंग ऐकायला गर्दी करत. शपथ घ्यायची तर सिनेगॉगमध्ये, कारण तिथली शपथ जास्त कडक. चिडला होता तो आपल्याच माणसांवर.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ‘म्हणजे तुमच्यावर. आमच्याकडे मलिद्याला तुम्ही आला होतात की. दोनदा मागून खाल्लात.’ मलिदा म्हणजे बेने इस्राएलांचा प्रार्थनेनंतर प्रसाद वाटायचा विधी.

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी लहानपणापासून वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चच्या जत्रेत मेणबत्त्या घेऊन रांगेत उभे असलेले हिंदू, पारशी पाहत आलोय, आणि ते आपल्याकडचं चांगलं आहे असं मानत आलोय. ख्रिसोस्टमला नेमकं तेच मोडायचं होतं. अंत्युखियातले शेजारी एकमेकांच्या दारात जात होते. त्याला ती दारं बंद हवी होती. ‘समोर ज्यू नव्हते’ हा बचाव माझा मीच इतकी वर्षं वापरला, आणि समोर मी होतो हे एकदाही दिसलं नाही.

तरी जुना मी अजून वाद घालतो. तो म्हणतो, काहीच महिन्यांनी, ३८७च्या वसंतात, वाढीव कराच्या रागात याच शहरानं सम्राटाचे पुतळे पाडले. आता कत्तल होणार म्हणून लोक गाव सोडून पळत होते. म्हातारा बिशप फ्लावियन माफी मागायला राजधानीला निघाला, आणि मागे उरलेल्या भेदरलेल्या माणसांना उपवासकाळभर बोलून धीर दिला तो यानंच. हे खोटं आहे का? खोटं नाही. पण मधे एक हिवाळाच गेला होता. तरुणपणीची चूक, नंतर सुधारला, असं म्हणायला तेवढी जागाच उरत नाही.

मग वाचता का? कारण पैशाबद्दल मला इतकं लाजवणारा दुसरा कुणी भेटला नाही. हे कारण पुरेसं आहे का, ते मला सांगता येत नाही. आणि त्याला वाचणं म्हणजे त्याची वकिली, असं समजून विचारणाऱ्यांवर मी अजूनही चिडतो.

सध्या मंडळात भांडण वेगळंच आहे. माझ्या अनुवादांची पुस्तिका काढायची आहे. बाकीचे म्हणतात, ज्यूविरोधी काही नको, चांगलं तेवढं छापू. बाई म्हणतात, पहिलं प्रवचन संपूर्ण घाला, नाहीतर त्यांनी उतरवलेला उतारा तरी त्यांच्या नावानं छापा. मी बाईंच्या बाजूनं आहे. फक्त तो अनुवाद मी करायला घेतला की दोन ओळींपुढे जात नाही, आणि ‘मग मीच करते’ असं बाईंनी म्हटलं, तर तेही मला चालत नाही.